गल्ला कोणाचा?

धुळ्याहून जळगावला जाताना महामार्गावर पारोळा लागतं. कापूस, भुसार आणि किराणा यांच्या उलाढालीवर जगणाऱ्या अशा गावात दुकानाच्या पाटीवर 'ट्रेडर्स', 'अँड सन्स', 'एंटरप्रायझेस' असं काहीही रंगवलेलं असो, आत बहुतेक ठिकाणी एकच माणूस असतो. कायदा त्याला प्रोप्रायटर म्हणतो आणि तो व त्याचं दुकान यांत काडीचाही भेद करत नाही. दुकानाचं देणं ते त्याचं देणं. दुकान बुडालं तर देणेकरी कोर्टामार्फत थेट त्याच्या घरापर्यंत, शेतापर्यंत पोचू शकतात.

याच एकट्या माणसासाठी 2013 च्या कंपनी कायद्यानं दुसरा मार्ग काढला. डॉ. जे. जे. इराणी समितीनं 2005 साली सुचवलेली 'एक व्यक्ती कंपनी' 1 एप्रिल 2014 पासून प्रत्यक्षात आली. भागधारक एकच, संचालकही तोच असला तरी चालतं, आणि तरीही कंपनी ही त्याच्याहून वेगळी व्यक्ती. सीएच्या ऑफिसात आणि व्यापाऱ्यांच्या तोंडी तिचं नाव ओपीसी.

हा मार्ग धरावा की नाही, यावर खाली दोघं बोलतात. दोघंही मी उभे केलेले आहेत; त्यांचे मुद्दे मात्र खानदेशातल्या कुठल्याही पेढीवर ऐकायला मिळतील असेच आहेत. आबांनी आयुष्यभर भुसार मालाची अडत चालवली, आता दुकान मुलाकडे आहे. त्यांची पुतणी, जिला सगळे ताई म्हणतात, काळा मसाला, कळण्याचं पीठ, उडदाचे पापड आणि बिबड्या करून विकते. घरामागच्या शेडमध्ये दहा-बारा बाया कामाला आहेत. माल आजवर पारोळा, अमळनेर, धुळे इथंच जायचा. आता पुण्यातल्या एका सुपरमार्केटवाल्यानं वर्षभराची ऑर्डर देऊ केली आहे आणि सोबत कराराचा मसुदा पाठवला आहे.

आबा : धंदा तर चांगला चाललाय, माय. मग कंपनी कशाला काढतेस? तुझे आजोबा नुसत्या चिठ्ठीवर माल उचलायचे. बाजारात कुणी त्यांना विचारलं नाही, तुमची कंपनी आहे का म्हणून. मानूस से तर पत से, असं म्हणायचे ते.

ताई : आजोबांना माल देणारा-घेणारा ओळखत होता, आबा. पुण्याचा माणूस मला ओळखत नाही, त्याचा वकील तर नाहीच नाही. करारात कलम आहे : माल खराब निघाला, दुकानांतून परत उचलावा लागला, तर सगळा खर्च आणि नुकसानभरपाई पुरवठादाराची. पुरवठादार म्हणजे मी. पावसाळ्यात एखाद्या लॉटला ओल लागली, बुरशी धरली, तर तो दावा शेडपाशी थांबणार नाही. घर माझ्या नावावर आहे, बाबांनी दिलेलं दोन एकर आहे.

आबा : आणि कंपनी केली की थांबेल?

ताई : करार कंपनीनं केलेला असेल तर दावा कंपनीवर होईल. कंपनीत घातलेलं भांडवल जाईल, मशीन जाईल. पण शेअरची रक्कम एकदा पूर्ण भरली की भागधारकाकडून त्यापुढं काही मागता येत नाही.

आबा : भांडवल किती घालणार?

ताई : सुरुवातीला एक लाख. किमान भांडवलाची अट 2015 मध्येच गेली.

आबा : मग ऐक. एक लाखाच्या कंपनीला तीन लाखांचे उडीद उधार कोण देईल? मी अडतीवर असतो तर दिले नसते. म्हणालो असतो, कंपनी राहू दे बाजूला, तू स्वतः चिठ्ठी लिहून दे.

आबांच्या या उत्तरात तथ्य आहे. मर्यादित जबाबदारीचा कायदा देणेकऱ्याला बांधतो, पण त्याला उधार द्यायला भाग पाडत नाही. जाणता देणेकरी आधीच सावध होतो आणि मालकाची वेगळी सही मागतो. तरीही ताईचा मुद्दा खोटा ठरत नाही, कारण तिला भीती आहे ती उडदाच्या व्यापाऱ्याची नाही; त्याचे पैसे ती आजही रोख देते. ज्याचा आकडा आधी कळत नाही, असं देणं तिला घाबरवतं : परत आलेला माल, नुकसानीचा दावा, करारभंगाचा दंड. उधारी आपण मोजून घेतो. दावा मोजून येत नाही. गावातल्या गावात धंदा करणाऱ्याला हा फरक सहसा जाणवत नाही. लांबच्या गिऱ्हाइकाशी लेखी करार करायची वेळ आली की तो एकदम समोर उभा राहतो.

एकट्याच्या कंपनीचा सगळ्यात गाजलेला खटलाही अशाच साध्या धंद्यातून उभा राहिला. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात ॲरन सॉलोमन नावाचा बूट बनवणारा होता. धंदा जुना, नाव चांगलं, मुलं धंद्यात वाटा मागत होती. 1892 साली त्यानं कंपनी केली. तेव्हाच्या कायद्याला सात भागधारक लागत. त्यानं स्वतः, बायको, मुलगी आणि चार मुलगे असे सात भरले. घरच्या सहा जणांकडे एकेक शेअर, बाकी सगळे त्याच्याकडे. वर्षभरात धंदा बसला. देणेकरी म्हणाले, कंपनी कसली, हा सॉलोमनच आहे, त्यानंच भरावं. खालच्या दोन्ही कोर्टांनी त्यांचं ऐकलं. 16 नोव्हेंबर 1896 रोजी हाऊस ऑफ लॉर्ड्सनं निकाल फिरवला : नोंदणी रीतसर झाली असेल तर कंपनी वेगळी आणि सॉलोमन वेगळा, मग शेअर कुणाकडे किती असोत. भारतातला कंपनी कायदाही याच तत्त्वावर उभा आहे. आपल्याकडे खासगी कंपनीला किमान दोन भागधारक लागत, म्हणून वर्षानुवर्षं लोक बायकोच्या किंवा भावाच्या नावानं एखादा शेअर लिहून दुसरा माणूस नावापुरता उभा करत. ओपीसी आल्यापासून ती गरज संपली. मला ही सुधारणा प्रामाणिक वाटते. धंद्यात माणूस एकच आहे, तर कागदावरही एकच असावा.

आबा : गोष्ट ठीक आहे, पण ती विलायतेची झाली. इथं पुण्याची ऑर्डर पुरवायला मशीन घ्यावं लागेल, मशीनला कर्ज लागेल. बँक कुणाची सही घेईल?

ताई : कंपनीची. आणि संचालक म्हणून माझी.

आबा : आणि हमीदार म्हणूनही तुझीच. तारण कमी असलं, सरकारच्या हमी योजनेत कर्ज बसलं, तरी मालकाची वैयक्तिक हमी बँक सोडत नाही. ती सही केलीस की बँकेपुरती तुझी कंपनी संपली. मग घर सुरक्षित कसं?

ताई : बँकेपुरतं नाही, हे मला माहीत आहे.

आबा : चेक परत गेला तर?

ताई : कंपनीबरोबर माझ्यावरही खटला. कारभार मीच पाहते, सहीही माझीच.

आबा : जीएसटी थकला?

ताई : कंपनीकडून वसूल झाला नाही तर खासगी कंपनीच्या संचालकाकडून. आपला निष्काळजीपणा किंवा गैरकारभार नव्हता, हे संचालकानं सिद्ध करायचं. आयकराचंही तसंच.

आबा : आणि मसाल्यात भेसळ निघाली?

ताई : अन्नसुरक्षा कायद्यात कंपनीला जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. दुसरं आहे कोण? ती मीच. आणि भेसळ झाली तर ती माझ्यावर यायलाच हवी, आबा. त्यातून सुटायला मी कंपनी करत नाहीये.

ओपीसीची जाहिरात करणाऱ्यांनी इथं थांबायला हवं. 'तुमचं घर सुरक्षित' हे वाक्य जितकं सरसकट सांगितलं जातं तितकं ते खरं नाही. 1872 च्या करार कायद्यानुसार हमीदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. कंपनीच्या दिवाळखोरीची योजना मंजूर झाली म्हणून हमीदार आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ललितकुमार जैन प्रकरणात 21 मे 2021 रोजी स्पष्ट केलं आहे. शिवाय फसवणुकीच्या हेतूनं धंदा चालवला असेल तर कंपनी कायदाच आडपडदा दूर करून माणसाला धरतो. तेव्हा ज्याच्या धंद्यात देणेकरी मुख्यतः बँकच आहे आणि घर आधीच गहाण आहे, त्यानं केवळ घर वाचवायला ओपीसी काढू नये. त्याच्या हाती फक्त कागदपत्रांचा खर्च येईल.

ताईच्या बाबतीत बँक, सरकार आणि अन्नसुरक्षा यांना वगळून उरतं ते असं : पुण्याचा करार, पॅकिंगवाल्याची उधारी, वाहतूकदार, उद्या भाड्यानं घेतलेलं गोदाम. थोडं दिसत असलं तरी करारातलं नुकसानीचं कलम एवढ्यातच येतं.

आबा : आणखी एक सांगतो, रागावू नको. नंदुरबारच्या मिरचीवाल्यानं तुला दीड लाखाची मिरची दिली. कंपनी बुडाली, तू घरात सुखरूप, आणि तो शेतकऱ्याचे पैसे कुठून देईल? मर्यादित जबाबदारी म्हणजे बुडालेलं दुसऱ्याच्या पदरात टाकायचं. आपल्या घरात हे कुणी केलं नाही.

ताई : (थोडं थांबून) हा प्रश्न मलाही पडला होता. मिरची, धने, उडीद मी रोखीनं घेते, पुढंही रोखीनंच घेईन. उधारी फक्त पॅकिंगवाल्याची. तो मोठा आहे, त्याला माझ्या कंपनीचं भांडवल एका मिनिटात तपासता येतं. बायांची मजुरी आठवड्याला देते. दिवाळखोरीच्या कायद्यातही कामगारांच्या मागच्या 24 महिन्यांच्या देण्याला तारणदार बँकेच्या बरोबरीचा क्रम आहे, पण ती वेळ येऊ द्यायचीच नाही.

आबा : पाटीवर, बिलावर तसं लिहावं लागतं का? समोरच्याला कळायला हवं.

ताई : लागतं. नावाखाली कंसात 'एक व्यक्ती कंपनी' असं छापावंच लागतं. बिलावर, पत्रावर, बोर्डावर, सगळीकडे.

आबांचा हा प्रश्न मला या सगळ्या बोलण्यातला सगळ्यात मोलाचा वाटतो. मर्यादित जबाबदारी म्हणजे कायद्यानं दिलेली पळवाट, असं मी मानत नाही. समोरच्याला आधी सांगितलेलं असेल, त्यानं तपासून व्यवहार केला असेल, तर तो दोघांनी मिळून घेतलेला धोका आहे. पण जो तपासू शकत नाही, म्हणजे शेतकरी, मजूर, हातगाडीवाला, त्याच्यावर तो धोका ढकलणं अन्याय आहे, मग कंपनी एकाची असो की हजारांची. ताईनं रोखीचा आणि उधारीचा जो भेद केला तो कुठल्याही फॉर्ममध्ये भरावा लागत नाही. तो मालकानं स्वतः करायचा असतो.

आबा : बरं, हे राहू दे. मला हिशेबातलं सांग. सध्या तू किती कर भरतेस?

ताई : काही नाही. सगळं जाऊन वर्षाला नऊएक लाख सुटतात. 2025-26 पासून नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर व्यक्तीला कर येत नाही.

आबा : आणि कंपनीला?

ताई : पहिल्या रुपयापासून. सवलतीचा 22 टक्क्यांचा दर घेतला तरी अधिभार आणि उपकर धरून सव्वापंचवीस टक्क्यांच्या आसपास जातो. शिवाय छोट्या प्रोप्रायटरला जी सोय आहे, उलाढालीच्या 8 टक्के किंवा बँकेतून आलेल्या रकमेवर 6 टक्के नफा धरून कर भरायचा, ती कंपनीला नाही.

आबा : म्हणजे सव्वादोन लाख सरकारला देऊन ओपीसी! हा कुठला व्यापार?

ताई : पूर्ण ऐका ना. कंपनी मला पगार देईल, संचालक म्हणून. तो कंपनीचा खर्च. नऊ लाख पगार घेतला तर कंपनीत नफा उरणार नाही, आणि माझ्या पगारावर कर येणार नाही. ऑर्डर वाढली, नफा पंधरा-वीस लाखांवर गेला, तर काही पगार घेईन, बाकी कंपनीत ठेवीन, मशीनला लावीन. कर थोडा जास्त बसेल, पण पैसा धंद्यात राहील.

आबा : स्वतःच्याच दुकानातून पगार घ्यायचा?

ताई : हो. आणि पगारापलीकडे एक रुपया घ्यायचा नाही.

आबा : का नाही? दुकान तुझं, गल्ला तुझा.

ताई : दुकान माझं, आबा. गल्ला माझा नाही. गल्ला कंपनीचा.

सगळा वाद इथं येऊन पोचायचाच होता, कारण ओपीसीचा खरा बदल इथं आहे. खानदेशातच कशाला, महाराष्ट्रभर छोट्या दुकानांत गल्ल्यातून घरात आणि घरातून गल्ल्यात पैसे येत-जात असतात. मुलाची फी गल्ल्यातून, लग्नाचा आहेर गल्ल्यातून. सणासुदीला माल भरायचा तर बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून आलेले पैसे गल्ल्यात. वर्षाअखेरीस सीए बसतो आणि अंदाजानं वाटण्या करतो. प्रोप्रायटरला हे चालतं, कारण कायद्याच्या लेखी दोन्ही खिसे एकाच सदऱ्याचे.

कंपनीत हे चालत नाही. भागधारकानं कंपनीतून बिनव्याजी उचल घेतली तर साठलेल्या नफ्याच्या मर्यादेपर्यंत आयकर खातं ती लाभांश धरतं आणि त्याच्या हातात कर लावतं. नेहमीच्या धंद्यातले व्यवहार सोडले तर एकट्या भागधारकानं स्वतःच्याच कंपनीशी केलेला करार लेखी असावा लागतो, किंवा इतिवृत्तात नोंदवून 15 दिवसांत निबंधकांना कळवावा लागतो. ताईची शेड तिच्या घरामागं आहे. कंपनीनं ती वापरायची तर भाडेकरार हवा, एका बाजूला ताई जागामालक, दुसऱ्या बाजूला ताई संचालक, सही दोन्हीकडे एकीचीच. संचालक एकटाच असेल तर बोर्डाच्या बैठकांची सक्ती नाही आणि वार्षिक सर्वसाधारण सभेतूनही ओपीसीला सूट आहे, पण ठराव वहीत लिहून, तारीख घालून, सही करून ठेवावाच लागतो. आपणच आपल्याला परवानगी द्यायची आणि ती लिहून ठेवायची. नवख्याला हा पोरखेळ वाटतो. तो पोरखेळ नाही. उद्या कुणी कोर्टात म्हणालं की ही कंपनी म्हणजे नुसता बुरखा आहे, तर उत्तर द्यायला हीच वही, हाच भाडेकरार आणि हेच वेगळं बँक खातं असतं.

लोक समजतात की कंपनीची भिंत बाहेरच्याला घरात येऊ देत नाही. माझ्या मते ती आधी मालकाला हवं तेव्हा पलीकडे हात घालू देत नाही, आणि त्यानं तो घातला नाही तरच बाहेरच्याविरुद्ध ती उभी राहते. नोंदणीच्या दाखल्यानं ती बांधून मिळत नाही. ज्याला गल्ल्यावरचा हात आवरत नाही त्यानं ओपीसीच्या वाटेला जाऊ नये. त्याला प्रोप्रायटरशिपच योग्य, आणि तीत कमीपणा काही नाही. जळगावात भवरलाल जैन यांनी 1963 साली घरच्या 7,000 रुपयांवर रॉकेल विकायला सुरुवात केली तेव्हा कंपनी नव्हती. ती पुष्कळ नंतर आली.

आबा : वर्षाचं कागदकाम किती?

ताई : लेखापरीक्षण दर वर्षी, एक रुपयाची विक्री झाली नाही तरी. ताळेबंद वर्ष संपल्यापासून 180 दिवसांत, म्हणजे 27 सप्टेंबरपर्यंत. त्यापुढच्या साधारण दोन महिन्यांत वार्षिक विवरण. संचालकाच्या केवायसीकडे लक्ष ठेवायचं. नोंदणी होते ऑनलाइन, भांडवल 15 लाखांपर्यंत असेल तर केंद्राची नोंदणी फी नाही, मुद्रांक आणि सीएची फी वेगळी.

आबा : आणि चुकलं तर?

ताई : एका फॉर्मला दिवसाला 100 रुपये.

आबा : दोन फॉर्म, 200. वर्षभर राहिलं तर... 73,000. बाप रे. भुसारात एवढं सुटायला किती पोती हलवावी लागतात, माहीत आहे?

ताई : म्हणून तर सीए धुळ्याचा नको, रोज समोर दिसणारा हवा.

आबांनी केलेला हिशेब बरोबर आहे आणि त्या शुल्काला वरची मर्यादा नाही. तीन वर्षं सलग विवरणं भरली नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. 2017 साली सरकारनं दोन लाखांहून जास्त कंपन्यांची नावं नोंदवहीतून काढली, त्या बहुतेक अशाच गप्प बसलेल्या होत्या. कुणाच्या तरी सांगण्यावरून, व्हिजिटिंग कार्डावर मिरवण्यापुरती कंपनी काढायची आणि विसरून जायचं, हे महागात पडतं. बंद करायलाही अर्ज आणि 10,000 रुपये शुल्क आहे.

प्रोप्रायटरशिपमधून ओपीसीत जाताना आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. नाव तेच राहिलं तरी माणूस नवा झालेला असतो. जीएसटी नंबर नवा, अन्नसुरक्षेचा परवाना नवा, उद्यम नोंदणी नवी, बँक खातं नवं, पाकिटांची छपाई नवी. ट्रेडमार्क घेतला असेल तर तो कंपनीच्या नावानं करून द्यावा लागतो. जुन्या धंद्याची सगळी मालमत्ता आणि सगळी देणी कंपनीकडे गेली, मोबदल्यात फक्त शेअर घेतले आणि पुढची पाच वर्षं किमान निम्मे हक्क आपल्याकडे राखले, तर या हस्तांतरणावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. ताईनं म्हणूनच 1 एप्रिल ही तारीख धरली आहे; वर्षाच्या मध्ये बदल केला तर दोन वह्या, दोन विवरणं आणि दुप्पट डोकेदुखी.

आबा : समज, तुला काही झालं. देव न करो. पण एकटीची कंपनी, एकटीची सही. मग?

ताई : नॉमिनी नोंदणीच्या वेळीच द्यावा लागतो, त्याच्या लेखी संमतीसह. मी गेले तर तो भागधारक होतो, कंपनी चालू राहते. प्रोप्रायटर गेला की परवाना, खातं, जीएसटी सगळं थांबतं. तुमच्या शेजारच्या दुकानाचं काय झालं ते तुम्हीच बघितलंत ना? मुलगा खातं उघडायला सहा महिने बँकेत खेटे घालत होता.

आबा : ते खरं आहे. मग पोराचं नाव घाल.

ताई : तो चौदाचा आहे. अल्पवयीन चालत नाही. यांचं नाव घालते, किंवा दादाचं.

आबा : दादाचं घातलंस तर कंपनी दादाची होईल?

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही, आणि त्याचं उत्तर मराठी माणसाच्या ओळखीच्या एका घरातून आलं आहे. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मिळकतीवरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयानं 14 डिसेंबर 2023 रोजी सांगितलं की शेअर्स आणि म्युच्युअल फंड यांतलं नामनिर्देशन वारसा कायद्याच्या वर जात नाही. नॉमिनी पूर्ण मालक होत नाही. तो निकाल ओपीसीवरचा नव्हता. ओपीसीचं कलम म्हणतं की नॉमिनी भागधारक 'होईल'. पण म्हणून नॉमिनीचं नाव लिहिलं की वारसाचा प्रश्न मिटला, असं धरून चालणं धोक्याचं आहे. नॉमिनीमुळे कंपनीचा कारभार थांबत नाही. कोणाचं किती, हे मृत्युपत्रात लिहावं. दोन्ही कागदांत नाव एकच असलं तर घरात भांडण शिरत नाही. नॉमिनी बदलता येतो, आणि एका माणसाला एकाच ओपीसीचा नॉमिनी होता येतं, हेही लक्षात ठेवावं.

मालकानंतर धंदा टिकण्याबद्दल बोलायचं तर पारोळ्याच्या शेजारीच दाखला आहे. 1945 च्या डिसेंबरात मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड काढली, वनस्पती तुपाची. 1966 साली ते वारले, एकवीस वर्षांचा मुलगा अझीम परदेशातलं शिक्षण सोडून परतला, आणि कंपनी चालत राहिली; तीच पुढे विप्रो झाली. ती पुष्कळ भागधारकांची कंपनी होती, ओपीसीशी तिची तुलना आकारानं होणार नाही. पण मालक गेला तरी करार, परवाने, देणीघेणी यांचा धागा तुटला नाही, एवढं कंपनी असल्यामुळे झालं, आणि ते दहा-बारा बायांच्या शेडलाही तितकंच लागतं.

आबा : आणि उद्या कुणी पैसे घालायला तयार झाला तर?

ताई : ओपीसीत दुसरा भागधारक घेता येत नाही. मग खासगी कंपनी करायची, दोन भागधारक, दोन संचालक. आधी दोन वर्षं थांबावं लागायचं, आणि भांडवल 50 लाखांवर किंवा उलाढाल दोन कोटींवर गेली तर सक्तीनं बदलावं लागायचं. 1 एप्रिल 2021 पासून दोन्ही अटी गेल्या.

आबा : म्हणजे लागेल तेव्हा बदलता येतं. ते बरं आहे.

ताई : मी असं ठरवलंय. एप्रिलपर्यंत प्रोप्रायटरच राहते, पण उद्यापासून कंपनी असल्यासारखं वागते. धंद्याचं करंट खातं वेगळं, त्यातून दर महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम माझ्या बचत खात्यात. घरखर्च त्यातच. मधे एकदाही हात गेला नाही, तर एप्रिलमध्ये नोंदणी. गेला, तर पुण्याच्या माणसाशी ते कलम कमी करून घ्यायचं बोलणं करीन आणि कंपनी पुढं ढकलीन.

आबा : दिवाळी मधे येते. बायांना बोनस, पोराचे कपडे, बालाजीच्या रथाला पाहुणे.

ताई : बोनस धंद्याचा. कपडे आणि पाहुणे माझ्या पगारातून.

आबा : जमेल?

ताई : बघू. तुमच्याकडे वही दाखवायला आणीन.

आबा : वही नंतर बघू. आधी बँकेचा कागद आण. हमी बिनशर्त घेतात, म्हणून विचारतो.

ताई : मी कायदा वाचला. हमीदाराची जबाबदारी ऋणकोइतकी, पण करारात वेगळं ठरलं नसेल तरच. म्हणजे वेगळं ठरवता येतं. मी मॅनेजरला सांगितलंय, हमी देते, ती मशीनच्या मुदत कर्जापुरती आणि ठरावीक रकमेपर्यंत. पुढच्या प्रत्येक कर्जाला लागू होणारी, कायम चालणारी हमी नको. तारणाला मशीन आणि माल. घर त्यात नाही.

आबा : तो काय म्हणाला?

ताई : वर विचारून सांगतो म्हणाला. नाही म्हणाला तर दुसऱ्या बँकेत जाईन.

आबा : जा. आणि जाशील तेव्हा मला घेऊन जा. जुन्या ओळखी आहेत, एवढं तर मी करू शकतो.